चौथ्या डाऊनला काय करायचं? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे वाद समजून घेताना

३० नोव्हेंबर २०२४ चा शनिवार. नाशिकला रात्रीचे दोन वाजत आले होते. अमेरिकेत कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी, हरलो. पुन्हा मिशिगनकडूनच." दुसऱ्या दिवशी फोनवर तो पाऊण तास बोलत होता. परीक्षा तोंडावर होती, पण बोलणं सगळं एकाच गोष्टीवर: आपल्याकडे देशातले उत्तम झेल घेणारे खेळाडू असताना प्रशिक्षकाने पुन्हा पुन्हा मधल्या गर्दीतूनच पळायला का लावलं? दोन सोप्या किका हुकल्या, त्याचं काय? १३-१० असा निकाल लागला होता. देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला संघ घरच्या मैदानावर, क्रमवारीत नावही नसलेल्या मिशिगनकडून हरला होता, आणि तेही सलग चौथ्या वर्षी.

त्याचं बोलणं ऐकताना मला आमच्या वाड्यातली क्रिकेटवरची भांडणं आठवली. तोच आवेश, तोच आकड्यांचा मारा. फक्त मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग मी पुढचे सामने पाहायला लागले, जुने सामने शोधून पाहिले आणि हळूहळू उलगडत गेलं. आज आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं पर्ड्यू, पेन स्टेट, मिशिगन, टेक्सस ए अँड एम अशा विद्यापीठांत आहेत. शनिवारी ती फोन का उचलत नाहीत आणि रविवारी एवढी का चिडलेली असतात, हे त्यांच्या घरच्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी खेळ, अगदी लागेल तेवढाच. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा असतो, तो एंड झोन. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये मिळून दहा यार्ड पुढे गेलात तर नवे चार डाऊन; नाही गेलात तर चेंडू जिथे आहे तिथेच समोरच्यांच्या हवाली. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये पोचलं की टचडाऊन, सहा गुण. त्यानंतर एक जादा प्रयत्न: किक मारून एक गुण घ्या, नाहीतर तीन यार्डांवरून पुन्हा एंड झोनमध्ये घुसून दोन घ्या. आणि टचडाऊनपर्यंत पोचणं जमत नसेल तर लांबूनच दोन खांबांच्या मधून किक मारायची. ती फील्ड गोल, तीन गुण.

आता वादाचं मूळ. तीन डाऊन झाले, दहा यार्ड पुरे झाले नाहीत, चौथा डाऊन उरला. इथे प्रशिक्षकापुढे तीन वाटा असतात. चेंडू लाथेने लांब उडवून देऊन समोरच्यांना मागे ढकलायचं, याला पंट म्हणतात. फील्ड गोल मारून बघायचा. किंवा उरलेले यार्ड मिळवायला जायचं, आणि फसलं तर चेंडू गेला. ठरवायला मोजके सेकंद. कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांचे निम्मे वाद या काही सेकंदांभोवती फिरतात.

एक प्रसंग कागदावर मांडून बघू. समजा, चेंडू समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर आहे आणि दोन यार्ड हवे आहेत. फील्ड गोल मारायचा तर अंतर ४० यार्ड धरून चालत नाही. खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात, म्हणून दहा यार्ड वाढतात. चेंडू मारण्यासाठी साधारण सात यार्ड मागे दिला जातो, ते सात. झाले ५७. विद्यापीठातल्या पोरासाठी ही फार लांबची किक. बरं, पंट केला आणि चेंडू एंड झोनमध्ये गेला, तर नियमाने समोरच्यांना तो २० यार्डांवर मिळतो. म्हणजे तुम्ही कमावलं काय, तर वीस यार्ड. उलट जायचं ठरवलं आणि फसलं, तर समोरच्यांना चेंडू त्यांच्या ४० वर मिळतो. गमावले तेच वीस यार्ड. आणि दोन यार्ड मिळाले तर? नवे चार डाऊन, टचडाऊनची वाट मोकळी. दोन यार्ड मिळण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जरी धरली, तरी जाण्यातच फायदा आहे हे पाचवीतल्या मुलालाही दिसेल.

तरी वर्षानुवर्षं प्रशिक्षक पंटच करत आले. डेव्हिड रोमर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने व्यावसायिक संघांचे आकडे तपासून २००६ मध्ये दाखवून दिलं की संघ चौथ्या डाऊनला गरजेपेक्षा फारच जास्त वेळा चेंडू लाथाडून मोकळे होतात. कारण मला तरी साधं वाटतं. पंट करून हरलं तर खेळाडूंना बोल लागतो. जाऊन फसलं तर प्रशिक्षकाला. नोकरी ज्याची त्याला प्यारी. अलीकडे संघांकडे प्रत्येक परिस्थितीचं गणित आधीच मांडलेले तक्ते असतात, त्यामुळे जाण्याचं प्रमाण बरंच वाढलं आहे. पण तक्ता सरासरी सांगतो. आज आपला मधला फळीवाला लंगडतोय, वारा समोरून आहे, समोरचे दमले आहेत, हे त्यात नसतं. म्हणून वाद संपत नाहीत, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

वर ५७ यार्ड म्हटलं ते उगाच नाही. ३० नोव्हेंबर २०१३, अलाबामा राज्यातल्या दोन विद्यापीठांचा सामना, ऑबर्नच्या मैदानावर. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, आधीची दोन वर्षं लागोपाठ विजेता, त्या मोसमात एकही सामना हरलेला नाही. त्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या किकरच्या तीन किका हुकल्या होत्या. चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या शेवटच्या भागात, त्यांनी चौथ्या डाऊनला एक यार्ड मिळवायला जाऊन बघितलं, तेही फसलं. मग ऑबर्नने बरोबरी साधली, २८-२८. वेळ संपल्यासारखी वाटत होती, पण प्रशिक्षक निक सेबन यांनी पंचांकडे दाद मागितली आणि घड्याळात एक सेकंद परत आला. त्या एका सेकंदात त्यांनी दुसऱ्या, नवख्या किकरला पाठवून ५७ यार्डांचा फील्ड गोल मारायला लावला.

चेंडू कमी पडला. आणि खांबांच्या खाली ऑबर्नने क्रिस डेव्हिस नावाचा एक चपळ गडी उभा केला होता. कमी पडलेला चेंडू झेलून पळता येतं, हा नियम. आता मैदानावर अलाबामाची माणसं कोण होती ते बघा: किकरला आडोसा द्यायला उभे केलेले अवजड, दीडशे किलोच्या आसपासचे गडी. पळणाऱ्याला पकडायला ती माणसं ठेवलेलीच नव्हती. डेव्हिस मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डावीकडच्या रेषेलगत पळत गेला. ३४-२८. वाटलं तर जादा वेळेत जायचं, वाटलं तर एक लांब फेक करून बघायची, हे दोन्ही पर्याय सेबन यांच्याकडे होते. अलाबामातल्या घरांत त्या सेकंदावरून अजून बोलणं होतं.

दुसरा मोठा वाद जादा गुणाचा: एक घ्यायचा की दोन? दोन गुणांचा हा पर्याय कॉलेज फुटबॉलमध्ये १९५८ पासून आहे. जादा वेळेचा नियम मात्र सगळीकडे १९९६ पासून आला. तोवर सामने बरोबरीत सुटायचे. हे लक्षात ठेवलं की दोन जुने प्रसंग नीट कळतात.

पहिला १९ नोव्हेंबर १९६६ चा. नोत्र दाम पहिल्या क्रमांकावर, मिशिगन स्टेट दुसऱ्या, दोघंही अपराजित. १०-१० बरोबरी आणि शेवटचं जेमतेम सव्वा मिनिट. चेंडू नोत्र दामकडे होता, पण त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, पहिल्याच क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर गेलेला. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी धोका न पत्करता जमिनीवरूनच खेळत वेळ काढला. बरोबरी झाली आणि त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद मतदानाने नोत्र दामलाच मिळालं. ०-१० असे मागे पडून मुलांनी बरोबरी साधली होती, ती एका चुकीच्या फेकीवर उधळायची नाही, हा त्यांचा विचार. विरोधकांनी त्यांना भित्रं ठरवलं.

दुसरा २ जानेवारी १९८४ चा, मायामीतल्या ऑरेंज बाऊल या मोसमअखेरच्या सामन्याचा. नेब्रास्का बारा सामने जिंकून आलेला, मायामीविरुद्ध ०-१७ असा मागे पडून सावरलेला. शेवटची ४८ सेकंद उरली असताना टचडाऊन करून ३०-३१. एक गुण घेतला असता तर बरोबरी, आणि बरोबरीवर विजेतेपद जवळजवळ नक्की. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी दोन गुणांसाठी संघ पाठवला. फेकलेल्या चेंडूला मायामीच्या बचावपटूची बोटं लागली, सामना गेला, विजेतेपद मायामीला गेलं. ऑस्बोर्न यांना पुढे दहा वर्षं वाट पाहावी लागली. १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये त्यांनी तीन विजेतेपदं मिळवली. पण नेब्रास्काची जुनी माणसं त्यांच्याबद्दल सांगताना आधी १९८४ ची ती हार सांगतात, आणि अभिमानाने सांगतात. मला दोन्ही प्रशिक्षक पटतात. जखमी सूत्रधार घेऊन पार्सेगियन यांनी जे केलं ते त्या मैदानावर शहाणपणाचं होतं; ऑस्बोर्न यांचा संघ त्या क्षणी उसळत होता, त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला.

दोन गुणांच्या मोहाने गणित कसं बिघडतं त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मिशिगनचंच आहे. १ सप्टेंबर २००७, मोसमाचा पहिलाच सामना, मिशिगनच्या लाखभर माणसं मावणाऱ्या मैदानावर. पाहुणे अ‍ॅपलॅशियन स्टेट, खालच्या गटातले. मिशिगन २०-३१ असा मागे असताना त्यांनी टचडाऊन केला: २६-३१. इथे ते दोन गुणांसाठी गेले, कारण मिळाले तर फरक तीनच राहील आणि एका फील्ड गोलने बरोबरी होईल. नाही मिळाले. मग चौथ्या क्वार्टरमध्ये आणखी एक टचडाऊन: ३२-३१. पुन्हा दोनासाठी गेले, कारण एक गुणाची आघाडी एका फील्ड गोलने जाते, दोनाचीही जाते, तीन असेल तर निदान बरोबरी होते. पुन्हा नाही मिळाले. शेवटी २६ सेकंद उरली असताना अ‍ॅपलॅशियन स्टेटने फील्ड गोल मारला, ३४-३२, आणि मिशिगनची शेवटची किक त्यांनी हाताने अडवली. दोन्ही वेळा साधा एक-एक गुण घेतला असता तर मिशिगनचे ३४ झाले असते. दुसरा निर्णय बरोबरच होता, तिथे वाद नाही. पहिला मात्र घाईचा. मागे असताना इतक्या लवकर गुणांच्या मागे धावू नये, असं मला ते गणित दोनदा मांडून बघितल्यावर वाटलं.

एका निर्णयाला एवढं वजन का? कारण मोसम इवलासा. ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, नोव्हेंबरच्या शेवटी नियमित सामने संपतात, आणि ते असतात फक्त बारा. आयपीएलमध्ये संघ चौदा साखळी सामने खेळतो, चार-पाच हरूनही वर येतो. इथे वरच्या गटात २०२४ मध्ये १३४ संघ होते. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून कोण श्रेष्ठ हे ठरवायला निवड समिती बसते, ती कोणाशी खेळलात, कुठे खेळलात, कसे हरलात हे बघते. २०१४ पासून समिती विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी चार संघ निवडायची. दोन हारी म्हणजे मोसम संपल्यातच जमा. २०२४ पासून चाराचे बारा झाले.

भाच्याच्या त्या रात्रीच्या रडण्याला यामुळेच वेगळं वळण मिळालं. ओहायो स्टेट आधी ओरेगनकडून ३१-३२ असा एका गुणाने हरला होता, नंतर मिशिगनकडून. जुन्या पद्धतीत खेळ खलास. नव्या पद्धतीत आठव्या मानांकनाने आत. जुने चाहते म्हणतात, मग त्या एका शनिवारचं महत्त्व काय राहिलं? या दोन विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ मध्ये झाला होता. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली असते. भाच्याने फोटो पाठवला होता: ग्रंथालयाच्या दिशेची पाटी, मधल्या अक्षरावर फुली, फुलीच्या एका टोकाची टेप थंडीने सुटून वाऱ्यावर फडफडतेय. बारा संघ झाले म्हणून ती फुली मारणं कोणी थांबवलेलं नाही. मला हा बदल पटतो. मिशिगनची हार हार म्हणून राहते, आणि मुलांना पुढे खेळायलाही मिळतं.

संघ बांधण्याची पद्धतही पार बदलली आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावता येतात, २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. विद्यापीठ बदलणं सोपं झालं आहे. ओहायो स्टेटचा त्या वर्षीचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चार वर्षं कॅन्सस स्टेटकडून खेळून शेवटच्या एकाच वर्षासाठी आला होता. चाहत्यांचं दुखणं इथे खरं आहे: ज्या मुलाला चार वर्षं डोळ्यांसमोर वाढताना बघायचं, तो आता पुढच्या डिसेंबरात कुठे असेल ते सांगता येत नाही.

चाहत्यांच्याही हातात सामन्याच्या दिवशी काही असतं, हे मला उशिरा कळलं. सकाळपासून मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून शेगड्या पेटतात, खाणंपिणं चालतं. त्याला टेलगेट म्हणतात. भाचा आणि त्याचे खोलीतले सोबती तिथे पाव भाजून मिसळ करतात, आणि शेजारच्या गाडीवाले आता आधीच वाटी घेऊन येतात. पण खरं काम आत. आपल्या संघाकडे चेंडू असताना लाखभर माणसं गप्प राहतात, आणि समोरच्यांकडे गेला की बेंबीच्या देठापासून ओरडतात. त्याला कारण आहे. क्वार्टरबॅक चेंडू सुटायच्या आधी ओरडून सूचना देतो. त्या ऐकू आल्या नाहीत तर एखादा गडी आधीच हलतो, आणि आधी हललं की पाच यार्ड मागे. चौथ्या डाऊनला दोन यार्ड हवे असताना गोंगाटामुळे सात झाले, तर समोरच्या प्रशिक्षकाचं सगळं गणित कोलमडतं. घशाने जिंकलेले यार्ड म्हणतो भाचा त्यांना.

२१ डिसेंबरला टेनेसीचा संघ कोलंबसला आला तेव्हा पारा शून्याच्या खाली होता. तिकीट महाग, थंडी मरणाची. जावं की खोलीत बसून बघावं? तो गेला. पायात दोन-दोन मोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि आईला सांगू नकोस अशी मला ताकीद. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०, शेवटी ४२-१७. मग ओरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४. अंतिम सामना नोत्र दामशी, अटलांटाला, आपल्याकडे २१ जानेवारीची पहाट.

मी साडेपाचचा गजर लावून उठले, चहा टाकला. आता मला डाऊन कळत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये नोत्र दाम १५-३१ असा मागे, चौथा डाऊन, एंड झोन नऊ यार्डांवर. त्यांनी फील्ड गोल निवडला. भाच्याचा मेसेज: "वेडे आहेत का? तीन घेऊनही दोन टचडाऊन लागणारच!" मी पेन्सिलने मांडलं. फरक १६: दोन टचडाऊन आणि दोन्ही वेळा दोन-दोन जादा गुण, तरी नुसती बरोबरी. फरक १३ झाला तर दोन साधे टचडाऊन आणि जादाचा एक-एक, की एका गुणाने जिंकले. त्याला कळवलं, "निर्णय अगदीच वेडा नाही रे." किक खांबाला लागून परत आली. तरी नोत्र दामने नंतर एक टचडाऊन आणि दोन गुण केलेच, २३-३१.

पावणेतीन मिनिटं उरलेली, ओहायो स्टेटला तिसऱ्या डाऊनला अकरा यार्ड हवेत. जमिनीवरून पळाले तर घड्याळ चालू राहतं. फेक चुकून जमिनीवर पडली तर घड्याळ थांबतं आणि पंट करून चेंडू नोत्र दामला द्यावा लागतो. नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध याच संघाने पळणं निवडलं होतं. या वेळी हॉवर्डने लांब फेकला, पहिल्या वर्षाच्या जेरेमाया स्मिथने बचावपटूला मागे टाकून तो धावता धावता घेतला. ५६ यार्ड. २६ सेकंद उरली असताना फील्ड गोल, ३४-२३.

तो शेवटचा फील्ड गोल मारणारा मुलगा तोच होता, ज्याच्या ३० नोव्हेंबरला दोन किका हुकल्या होत्या. भाच्याचा फोन लागला तेव्हा मागे रस्त्यावरचा कल्ला एवढा होता की मला त्याचं एकच वाक्य ऐकू आलं, "मावशी, ती फेक चुकली असती तर?"